यशोदाबाईने बाहेरून लावलेलं कुलूप

नाशिकजवळच्या अंबडच्या यशोदाबाईच्या तोंडी लागायची गल्लीत कुणाची छाती नव्हती. बाई मनाने वाईट होती असं म्हणवत नाही, पण चांगली असल्याचा सुगावाही तिने जन्मात कुणाला लागू दिला नाही.

सासऱ्याची जमीन कारखान्यांच्या वसाहतीला गेली. पैसा आला तसा लग्नाकार्यात नि मोटारसायकलीत उडाला. उरलेल्या तुकड्यावर यशोदाबाईने पत्र्याच्या सहा खोल्या काढल्या आणि त्याच कारखान्यांत राबायला आलेल्या यूपी-बिहारच्या माणसांना भाड्याने दिल्या. जिथे तिने भुईमूग उपटला तिथे आता ही माणसं मशिनी चालवत होती, आणि तिचा लेक महेश मात्र ठेकेदाराकडे आज लागला की परवा घरी. भाडेकरूंच्या जिवावर चूल पेटते हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर राग जास्तच यायचा.

नळाला पहिला हंडा तिचा, मग शेजारच्यांचा, आणि पाणी उरलंच तर ‘तुम्हा लोकांचा’. छठपूजेला भाडेकरू गोदावरीवर निघाले की ही ओट्यावरून ओरडायची, नदीसुद्धा घेऊन जा आता गावाला. सहाव्या खोलीतला सत्यदेव लेथवर कामाला होता. आठ-नऊ वर्षं राहिलेला, मान खाली घालून चालणारा माणूस. एकदा तो हळूच म्हणाला, “माई, देश तो एक ही है ना.”

“देश आसंल एक,” यशोदाबाई म्हणाली, “पण हे गाव आमचं हाय. देशात कुटंबी राहा, हितं इचारून राहायचं.”

दोन हजार आठच्या फेब्रुवारीत विचारायचीही सोय उरली नाही. पोरांची टोळकी गल्लोगल्ली फिरून भय्ये हुडकायला लागली. पाणीपुरीच्या गाड्या उलथल्या, माणसं झोडपली गेली, नाशिकरोडच्या फलाटावर पाय ठेवायला जागा राहिली नाही. यशोदाबाईच्या पाच खोल्या बघता बघता ओस पडल्या. सत्यदेव तेवढा अडकला होता, कारण त्याची बायको फुलमती तीनच दिवसांपूर्वी त्या खोलीतच बाळंत झाली होती. मुलगा झाला होता. सत्यदेव सकाळपासून तिकिटासाठी स्टेशनवर गेलेला.

दुपारी महेश आला आणि म्हणाला, सहावी खोली खाली कर, संध्याकाळी पोरं येणार आहेत. पोरांत तोही होताच.

यशोदाबाई भडकली. “ओली बाळंतीण हाय ती. बारा दिस झाल्याबिगर बाळंतिणीनं माझ्या दारचा उंबरा वलांडला नाय, वलांडणार बी नाय. पाचवीला सटवाई यील लेकराच्या कपाळी लिव्हायला, तिला काय रिकामी खोली दावू?”

महेश हसला. “आपली सटवाई भय्यांचं लिहीत नाही, आई.”

तिने हातातला खराटा त्याच्या अंगावर भिरकावला. महेश निघून गेला, पण जाताना बजावून गेला की पोरांना अडवणं त्याच्या हातात नाही.

मग तिने एक गोष्ट केली, आणि ती बरोबरच होती. स्वतःच्या घराचं मोठं कुलूप काढून तिने सहाव्या खोलीला बाहेरून ठोकलं. कुलूप दिसलं की पोरं समजतील, हेही गेले. पण आत पडलेल्या फुलमतीला तिने काय सांगितलं? काहीच नाही. एक तर सोयर असल्यामुळे ती आत पाऊल टाकत नव्हती. दुसरं म्हणजे या लोकांशी गोड बोलायची जिभेला सवयच नव्हती, ती ऐन वेळी कुठून आणायची? तिने दारावर थाप मारली आणि म्हणाली, “गप पडून राहा. आवाज काढलास तर बघ.”

दिवेलागणीला पोरं आली. यशोदाबाई ओट्यावर डाळ निवडत बसली होती. गेले सगळे तुमच्या नावानं बोटं मोडत, असं तिने ठणकावून सांगितलं. पोरांनी पहिल्या खोलीच्या पत्र्यावर चार दगड टाकले. महेशची नजर सहाव्या खोलीवर गेली. घरचं कुलूप त्याने ओळखलं. तरी तो पोरांबरोबर पुढे निघून गेला.

पोरं गेल्यावर सोयरसुतक सगळं विसरून यशोदाबाई पेजेची वाटी घेऊन धावली आणि कुलूप काढलं. खोलीत कुणी नव्हतं. मागचा पत्रा खिळ्यांतून उचकटून वाकवलेला होता आणि त्याच्या धारेला रक्त लागलं होतं. तीन दिवसांची बाळंतीण तेवढ्या फटीतून लेकरू घेऊन गेली होती. कुलूप लागल्याचा आवाज आणि वर ती धमकी, यातून तिने दुसरं काय समजावं? पोरं येईपर्यंत कोंडून ठेवलंय, एवढंच तिला कळलं असणार.

यशोदाबाईने आधी सवयीने फुलमतीला शिव्या घातल्या. मग तिथेच बसून स्वतःला घातल्या. मग नाक्यापर्यंत पळत गेली आणि दिसेल त्या रिक्षावाल्याला विचारत सुटली, लेकरू घेतलेली बाई पाहिली का? हुडकणाऱ्यांतलीच एक समजून कुणी तिला पत्ता लागू दिला नाही. सत्यदेवही त्या रात्री खोलीवर परतला नाही.

दोनेक महिन्यांनी वातावरण निवळलं. कारखान्यांनाच माणसं हवी होती, तेव्हा त्यांनीच निरोप धाडले. सत्यदेव सामान न्यायला आला, एकटाच. त्याने सिडकोत खोली पाहिली होती. तो वळकटी बांधत होता आणि यशोदाबाई दारात उभी राहून सगळं सांगत होती. कुलूप का लावलं, पोरांना काय सांगितलं, पेज कशी केली होती. आयुष्यात पहिल्यांदाच ती कुणापुढे स्वतःची बाजू मांडत होती.

“जी माई,” सत्यदेव प्रत्येक वाक्याला म्हणत होता. नळाचं पाणी मिळालं नाही तेव्हाही तो असंच म्हणायचा. यातलं एक अक्षरही त्याला पटलेलं नाही, हे तिला कळून चुकलं.

“लेकरू बरं हाय ना?”

“ठीक है.”

“नाव काय ठिवलं?”

सत्यदेवने दोरीची गाठ आवळली, स्टोव्ह काखेत मारला आणि नाव न सांगता तो बाहेर पडला.