हळद उतरली की पुसायचं

माझ्या आत्याच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं, त्या आठवड्यात तिच्या फोनमध्ये जागाच उरली नव्हती. हॉस्पिटलमधून तपासणीचे फोटो यायचे, गोल गोल फिरत राहायचे आणि उघडायचेच नाहीत. आतेबहिणीने मला ऑफिसात फोन केला. "दादा, रविवारी ये. आईचा फोन भरलाय. लॅपटॉप पण आण."

असे फोन मला नवीन नाहीत. न्हावा शेव्याच्या बाजूला एका गोदामाच्या ऑफिसात मी कारकून आहे. कंटेनरचे नंबर कागदावर एक आणि स्क्रीनवर दुसरे निघाले की ते जुळवणं हे माझं काम. शिक्षण बी.कॉम. पण आईकडचे आणि वडिलांकडचे सगळे धरून पहिला पदवीधर मीच, त्यामुळे ज्या वस्तूला वायर आहे ती माझ्याकडे येते. मोबाइल, टीव्हीचा रिमोट, किराणा दुकानाचा प्रिंटर. चुलतभावाच्या सासूने एकदा मिक्सर पाठवला होता. माझं शिक्षण हिशेबाचं आहे, असं मी तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "पन शिकला हायस ना?" मी मिक्सर दुकानात नेऊन दुरुस्त करून आणला आणि मीच केला असं तिला वाटू दिलं.

आत्याला मात्र मी कधी नाही म्हटलेलं नाही. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंत होती. वडील मिठागरावर होते. पुढच्या शिक्षणासाठी मला आत्याने आपल्या घरी ठेवून घेतलं. तिचा नवरा लवकर गेला होता, पदरात एक मुलगी होती आणि घर चालत होतं ते तिच्या गळ्यावर. आत्या धवलारीण आहे. आमच्या आगरी लग्नात मांडव घालण्यापासून हळद लागेपर्यंत आणि लग्न लागेपर्यंत प्रत्येक विधीचा धवला असतो, आणि तो गाऊन विधी पुरा करणारी बाई म्हणजे धवलारीण. एरवी विधवेला मागे बसवणारी माणसंसुद्धा मांडवात तिला पुढे बोलावतात. मांडवातून मिळालेले तांदूळ आणि नारळ ओटीत घेऊन ती पहाटे घरी यायची. त्या तांदळाचा भात खाऊन मी दहावी झालो.

तिचा आवाज गेल्या वर्षापासून बसत होता. आधी तिने मिश्रीला दोष दिला, मग मांडवातल्या धुराला. शेवटी नवी मुंबईच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि गाठ काढायला हवी असं सांगितलं. जीव वाचेल म्हणाले. आवाजाचं काही सांगता येत नाही, असंही म्हणाले. आतेबहीण आईच्या मागे बसून धवले शिकत होती, पण तिला हळदीचे येत होते, पुढचे नाहीत. लग्नसराई थेट तुळशीच्या लग्नानंतर, आणि ऑपरेशन त्याच्या आधी. घरात बसून शिकव म्हटलं तर आत्या तयार नव्हती. नवरा-नवरीचं नाव घेतल्याशिवाय धवला उचलायचा नाही, आणि खोटं नाव घ्यायचं नाही, हा तिचा नियम.

दुसरा नियम फोनचा होता. लग्नात आतेबहिणीने आईच्या फोनवर व्हिडिओ घ्यायला हरकत नव्हती. पण नवरीची हळद उतरली की तो पुसायचा. मधले चार-पाच दिवस ऐकून जेवढं लक्षात राहील तेवढं तिचं.

या नियमाला कारण होतं. आतेबहिणीच्या स्वतःच्या लग्नात आत्या पहिल्यापासून शेवटपर्यंत गायली होती. तो व्हिडिओ कोणीतरी सगळ्यांना पाठवला आणि नवऱ्याकडच्या एका पोराने त्यातला तुकडा कापून रिंगटोन केला. मग तो धवला एसटीत वाजायचा, भाजीबाजारात वाजायचा. एकदा तर एका मयताच्या घरी, माणूस अजून दारातच असताना, त्या पोराच्या खिशात वाजला. आत्या तिथे होती. वर्ष उलटायच्या आत आतेबहीण परत माहेरी आली, ती कायमची. नवरा हात उचलायचा, हे आम्हाला नंतर कळलं. पण आत्याच्या मनात एकच बसलं होतं. हळदीचं गाणं प्रेतावर वाजलं, तिथेच लेकीचा संसार मोडला.

मी रविवारी गेलो. आत्या चुलीपाशी होती, आतेबहीण ओट्यावर सुपात सोडे, म्हणजे सुकी कोळंबी, निवडत होती. फोनमध्ये सुप्रभातची फुलं, देवांचे फोटो आणि कोणाकोणाचे नाचतानाचे व्हिडिओ होते. ते काढले तशी जागा झाली, तपासणीचे फोटो आले. मग वर एक सूचना दिसली. फोनच्या ऑनलाइन खात्यातली जागाही संपली होती. हे खातं आत्याच्या पहिल्या फोनच्या वेळी मीच उघडून दिलं होतं. मी ते लॅपटॉपवर उघडलं.

पडदा पिवळा झाला. एकाखाली एक मांडव, हळदीने माखलेले चेहरे, आणि बहुतेक चौकटींत कडेला बसलेली आत्या. वर्षानुवर्षं पुसलेले सगळे व्हिडिओ तिथे होते. आत्या फोनमधून काढत होती, आणि फोनने त्याआधीच प्रत्येकाची प्रत खात्यात पाठवून दिलेली होती.

आतेबहीण हात पुसत मागे येऊन उभी राहिली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "दादा, पेन ड्राइव्ह हाय ना तुझ्याकडे?"

"आत्याला विचारू दे आधी."

"विचारलंस तर झालंच मग. ऑपरेशन झाल्यावर कोणाकडून शिकू मी? डॉक्टरकडून?"

मी पेन ड्राइव्ह काढला नाही. पण ते नेमके कोणाचे व्हिडिओ आहेत ते बघायला एकावर बोट ठेवलं, आणि लॅपटॉपचा आवाज मोठा होता. आत्याचा जुना आवाज, बसलेला नव्हे, खणखणीत, घरभर गेला. चुलीपाशी भांड्याचा आवाज थांबला.

"कोनाचं लगीन लागलंय?" म्हणत ती बाहेर आली. बोलताना तिला मधे मधे थांबावं लागत होतं. पडद्याकडे वाकून बघितलं. "ही तं मीच हाय. यो मांडव मी पुसला होता."

"फोनमधून पुसलास, आत्या. पण फोन प्रत्येक व्हिडिओची एक प्रत दुसरीकडे ठेवत होता."

"दुसरीकडं म्हंजे कोनाकडं?"

"कोणाकडे नाही. कंपनीचं कोठार असतं मोठं."

"कुठं?"

"नक्की सांगता येणार नाही. बाहेरच्या देशात असेल."

"येवढा शिकवला तुना, आनि कुठं ते तुना पन म्हायती नाय." ती खाली बसली. "आमच्या हलदी परदेशात जाऊन बसल्या, आनि मना कोन बोल्ला नाय."

आतेबहीण हसली. आत्या हसली नाही. तिने विचारलं, "सगल्या हायेत?"

"सगळ्या."

"हिची पन?"

मी खाली खाली गेलो. होती. इतर व्हिडिओ लहान होते, हा लांबलचक होता. आत्याने तोंड फिरवलं. "मंग बरोबर," ती म्हणाली. "हितं बसून ऱ्हायलीय, म्हनून हिचं काय धड होत नाय. पूस ती."

तेव्हा आतेबहीण बोलली. आवाज चढवला नाही, पण सोड्यांचं सूप बाजूला सरकवून आईच्या समोर बसली. "आई, हिचं बघ. खाडीपलीकडची. हिचं पण ऱ्हायलंय इथं. तिला दुसरं पोर झालं. ही, मास्तरांच्या घरातली. नांदते ना? सगल्यांच्या हळदी पुसल्या नव्हत्याच. कोनाचं मोडलं?"

आत्या एकेका चौकटीकडे बघत गेली.

"मंग माझंच कसं मोडलं? धवल्यानं?"

मी पडद्याकडे बघत राहिलो. ऑफिसात चूक सापडली की मला बरं वाटतं, आता हिशेब लागणार म्हणून. इथे हिशेब लागत होता, आणि तो लागू नये असं मला वाटत होतं. आत्याने इतकी वर्षं गाण्यावर ठेवलेला दोष उचलला, तर तो ठेवायला जागा एकच उरत होती. ते तिलाही कळलं होतं.

"ती घर मीच बघलेलं," ती म्हणाली. "तुजा काका नको बोल्लेला. मीच बोल्लू, पोरगा कामाला हाय, ट्रेलर हाय घरचा."

"मी कधी बोल्लेय का तुला?"

"तू बोल्ली नाय. तीच तं."

मग आत्या मला म्हणाली, "बाला, बाकीचं दे हिला. हिचं तेवढं पूस."

"बाकीच्यात काय हाय आई?" आतेबहीण म्हणाली. "फोन माझ्या हातात असायचा. मधेच कोणीतरी पानं वाढायला उठवायचं. अर्धे अर्धे तुकडे. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच हाय, माझं. दादा, बाकी पुसलंस तरी चालेल. माझं ठेव."

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. फोन एकीचा, लग्न दुसरीचं. आत्याचा शब्द मी आजवर मोडला नव्हता. आणि आतेबहीण म्हणत होती तेही खरं होतं. मी आत्याला एवढंच सांगितलं की या वेळी पुसलं तर खरंच जाईल, मला परत आणता येणार नाही. आतेबहिणीचा व्हिडिओ निवडून लॅपटॉप तिच्यासमोर सरकवला. पडद्यावर प्रश्न आला होता. आत्याला वाचता येत नाही. तिने लेकीला विचारलं, "काय बोलतंय ती?"

लेकीने वाचून दाखवलं, "कायमचं काढून टाकायचं का?"

आत्याचं बोट बटणाच्या वर थांबलं. तिच्या बोटांना हळद असतेच, नखांच्या कडेला कायमची बसलेली. मग तिने हात मागे घेतला आणि पदराला पुसला.

"मी घरात असताना लावू नको," ती लेकीला म्हणाली. "मना ऐकवू नको." आणि आत निघून गेली.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर समाधानी होते. आत्याचा आवाज मात्र आला नाही. बोलते तेव्हा नुसती हवा येते, ओठ हलतात, आणि आपण ओठांकडे बघून समजून घ्यायचं. फोनवर तिच्याशी बोलणं संपलंच. मी तिला व्हिडिओ कॉल लावतो, पण हातातला फोन हलतो आणि ओठ दिसत नाहीत. ती चिडून कॉल बंद करते.

तुळशीचं लग्न झालं तसं शेजारच्या आळीतून आमंत्रण आलं. आत्याला जमणार नाही तर लेकीने यावं. दोन-तीन बायका कुजबुजल्या, जिचं स्वतःचं टिकलं नाही ती काय दुसऱ्याचं लावणार. नवरीच्या आजीने त्यांना गप्प केलं असं ऐकलं. पण त्या गप्प बसल्या आहेत त्या मांडवापर्यंतच. धवला कुठे अडला तर काय बोलतील, हे आतेबहिणीला माहीत आहे.

ती रोज संध्याकाळी आपल्याच लग्नाचा व्हिडिओ लावून बसते. आधी इयरफोन कानात घालून ऐकायची, पण मोठ्याने म्हटल्याशिवाय चाल बसत नाही. व्हिडिओ लागला की आत्या उठून बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसते. संपला की आत येते.

लग्न लागायच्या आधीच्या धवल्यात एक जागा आहे. नेमकं तिथे बेंजोवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली होती, आणि आत्याचे शब्द त्यात बुडालेत. आतेबहिणीने मला विचारलं, बेंजो काढता येईल का. मी लॅपटॉपवर प्रयत्न केला. शोधून शोधून एक सोय मिळाली, ती वापरली, तर बेंजोबरोबर आत्याचा आवाजही गेला. कमी केला तर दोन्ही राहिले. ऑफिस सुटल्यावर रोज तेच करत होतो. शेवटी जमत नाही हे सांगायला मी तिच्या घरी गेलो.

आत्या ओट्यावर होती. मी शेजारी बसलो. आतून आतेबहिणीचा आवाज येत होता. आवाज चांगला आहे तिचा, आईपेक्षा पातळ, पण सुरात. त्या जागेपर्यंत आली आणि अडखळली. काहीतरी अंदाजाने म्हटलं. मागे घेतलं, पुन्हा म्हटलं, वेगळं. मला काही ते शब्द येत नाहीत, तरी चुकलंय हे कळत होतं. शेजारी आत्याचा हात गुडघ्यावर एकदा आपटला.

तिसऱ्यांदाही चुकलं. आत्या उठली. मला वाटलं, लांब जाऊन बसणार, विहिरीकडे. ती दाराशी गेली आणि चौकटीला धरून उभी राहिली. आत आतेबहीण दाराकडे पाठ करून, फोनवर वाकून बसली होती. पडद्यावर तीच होती, मुंडावळ्या बांधलेली. बेंजो पुन्हा सुरू झाला. आणि आत्याचे ओठ हलायला लागले. आवाज काहीच नव्हता, नुसते ओठ, सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा करून. लेकीला ते दिसत नव्हतं. ती पुन्हा तोच चुकीचा शब्द लावत होती.

मी लॅपटॉप ओट्यावर ठेवला आणि उठलो.

"बाय," मी आत बघून आतेबहिणीला म्हटलं, "मागे बघ."