रोजचं लुगडं

मुलांनो, आपल्या शेजारच्या म्हाताऱ्या खलाशाने स्वतःच्या वारलेल्या जोडीदाराचं लुगडं इथल्या संग्रहालयाला दिलं होतं. ती जन्माने पुरुष. शिमग्याला नमनाच्या खेळात गवळण व्हायची आणि घरीदारीही बाई म्हणूनच राहिली. काल मी आजोबांसोबत तिथे गेले आणि काचेवरची पाटी वाचून दाखवली : ‘स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाचा पोशाख.’

“पोशाख कसला? हे नेसून ती मासे साफ करायची ओ!”

तिथले अधिकारी हसले. “आजोबा, नट पुरुषच ना?”

“तुमचा असेल. माझी बायको होती.”

पाटी बदलायला कुणी तयार होईना. आजोबांनी लुगडं परत मागितलं, पण दिलेली वस्तू परत मिळत नाही म्हणे. तिच्या अंगावरचं आजोबांकडे तेवढंच उरलं होतं.