दोरीवरचे लाल झेंडे

हे गाव वसवलं कोणी, असं कुणी विचारलं की स्टेशनमास्तर रेल्वेचं नाव घ्यायचा आणि झेंडेवाली स्वतःचं. दोघांचंही थोडं थोडं खरं होतं.

ती नवऱ्यामागून इथे आली तेव्हा उघड्या माळावर पाण्याची एक लोखंडी टाकी आणि एक पंप, एवढंच होतं. वाफेच्या मालगाड्या पाणी भरायला थांबायच्या. प्रवासी गाडी मात्र धूर सोडत सरळ निघून जायची. नवरा रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीत होता आणि टोळीचे कपडे ती धुवायची. तेल आणि काजळीचा तो मळ सोड्यात उकळल्याशिवाय हलायचा नाही. एकदा मुकादमाने कपड्यांबरोबर टोळीचे लाल झेंडेही आणून टाकले. ते इतके मळले होते की लाल आहेत की तपकिरी, हे ड्रायव्हरांना कळेनासं झालं होतं. तिने ते घासून लखलखीत केले आणि रुळाच्या बाजूच्या दोरीवर ओळीने वाळत घातले.

प्रवासी गाडी आली आणि असे ब्रेक करकचले की पंपावरचा माणूस पंप सोडून पळाला. ड्रायव्हर उतरून पुढचा रूळ तपासत धावत सुटला, तर हिने दारातूनच विचारलं, काय हरवलं का भाऊ?

त्या खोळंब्यात डब्यातला एक न्हावी कंटाळून खाली उतरला. त्याने टोळीतल्या दाढ्या पाहिल्या आणि तो परत गाडीत चढलाच नाही. गावातलं पहिलं दुकान त्याचं. हळूहळू लोहार आला, शिंपी आला, शाळेच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या. गाडीही रीतसर थांबू लागली, स्टेशन झालं, आणि तिला झेंडेवाली हे नाव चिकटलं ते कायमचं.

मग डिझेलची इंजिनं आली. त्यांना पाणी नको होतं. टाकी गंजली, मालगाड्या न थांबता जाऊ लागल्या आणि एक दिवस स्टेशनमास्तराने मान खाली घालून सांगितलं की येत्या सोमवारपासून प्रवासी गाडीही थांबणार नाही. गावाला धड रस्ता नव्हता. शाळेच्या मास्तरणी गाडीने यायच्या, आजारी माणूस गाडीने जायचा. न्हाव्याच्या मुलाने दुकानाला गिऱ्हाईक शोधायला सुरुवात केली. झेंडेवालीचा नवरा तोवर वारला होता. तिच्या मुलाने शहरात खोली पाहिली, सुनेने भांडी बांधायला काढली. आईलाही बरोबर न्यायचं, असं दोघांनी परस्पर ठरवून टाकलं.

"मला बांधू नका," ती म्हणाली. "मी काही भांडं नाही."

टोळीचे झेंडे अजून तीच धुवायची. सोमवारी तिने पातेलं चढवलं, झेंडे उकळले आणि जुन्या जागी वाळत घातले. गाडी थांबली. ड्रायव्हरला ते धुणं आहे हे लांबूनच दिसलं होतं. पण लाल दिसलं की आधी थांबायचं आणि विचार मागाहून करायचा, हा त्याच्या नोकरीचा पहिला धडा. तो रूळ तपासून येईतो मास्तरणी उतरल्या आणि शिंप्याची गरोदर मुलगी दवाखान्याला जायला चढली.

मंगळवारी पुन्हा तेच. स्टेशनमास्तराने हात जोडले. सून म्हणाली, आई, तुरुंगात नेलं तर निदान जेवण तरी आयतं मिळेल तुम्हाला. म्हणाली खरी, पण बुधवारी पिळायला तीच बसली होती.

गुरुवारी त्याच गाडीने रेल्वेचे साहेब आले. गाडी थांबताच ते तरातरा उतरून थेट अंगणात शिरले आणि झेंडे घरात वाळवायचे, असं त्यांनी बजावलं.

"आत वाळले की कुबट वास मारतात. तुमचीच माणसं नाकं मुरडतात."

"बाई, तुम्ही गाडी अडवताय."

"मी कुठे? मी तर पाठमोरी धुणं धुतेय. जागा माझी, दोरी माझी. झेंडे तुमचे, साहेब. घेऊन जा हवं तर."

साहेबांनी मुकादमाकडे पाहिलं. मुकादम आभाळाकडे पाहू लागला. तिने शेवटचा झेंडा झटकून दोरीवर टाकला, तसे पाण्याचे चार थेंब साहेबांच्या चष्म्यावर उडाले.

"आणि गाडी इथे थांबत नाही म्हणता," ती म्हणाली, "तर मग तुम्ही उतरलात कुठे?"

डब्यांच्या खिडक्यांतून हसू फुटलं. साहेब बोलायला गेले, पण ड्रायव्हरने शिटी दिली आणि त्यांना पळत जाऊन चढावं लागलं. शनिवारपर्यंत शिंप्याच्या, लोहाराच्या, न्हाव्याच्या दोऱ्याही रुळाकडेला आल्या होत्या. मिळेल ते लाल कापड त्यांवर होतं, जुन्या गादीच्या खोळीसुद्धा.

पुढच्या आठवड्यात हुकूम फिरला. गाडी थांबेल, पण एकच मिनिट. स्टेशनमास्तर धापा टाकत सांगायला आला, तेव्हा ती वाळलेले झेंडे काढत होती. मुकादमाकडे द्यायचे ते तिने नीट घडी घालून बाजूला ठेवले. गादीची एक लाल खोळ मात्र तिने घरातल्या खुंटीवर टांगून ठेवली. सुनेने विचारलं, आता ही कशाला?

"साहेब बदलतात," ती म्हणाली, आणि सुनेने बांधलेल्या भांड्यांच्या गाठी सोडायला बसली.