मांजरीने चाक बदललं

टॅक्सीवाल्याच्या बायकोला सगळी गल्ली कंडक्टरीण म्हणायची. गाडीत ती क्वचितच बसे, पण गाडी दारात लागली की तिच्याभोवती एक चक्कर मारल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

लग्न नवं असताना नवऱ्याने तिचा हात पुढच्या चाकाजवळ धरला होता. "ब्रेक दाबला की वेग जातो कुठे? इथे. चकतीवर पॅड घासतात, वेगाची उष्णता होते." तिच्यापेक्षा हे त्यांच्या मांजरीला जास्त पटलेलं. घर उताराच्या मध्यावर. वरून गाडी आली की मांजर उबेला डाव्या चाकाशी जाऊन पसरायची. वर्षानुवर्षं तीच जागा.

आज ती उजवीकडे होती. तीही हातभर लांब.

"अहो, ही तिकडे का गेली?"

"तिलाच विचार. तुमचं दोघींचं गूळपीठ." नवऱ्याने मुलीची बॅग डिकीत टाकली. मुलगी होस्टेलवर परत निघाली होती. स्टेशन खाली, आणि खरा तीव्र उतार अजून पुढेच.

"ब्रेक मारला की गाडी ओढते का उजवीकडे?"

त्याने डिकी लावली. "ओढते थोडी. हवा कमी असेल."

"भरलीत?"

"भरली."

"मग?"

"मग काय, तरी ओढते."

"बाबा, चला ना, ट्रेन चुकेल," मुलगी म्हणाली. "आज कंडक्टरीणबाई डबल बेल देणार नाहीत."

त्याने आत बसून ब्रेकचं पेडल दाबलं. "बघ. दगडासारखं कडक आहे."

ती घरात गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. तवा तापलाय का बघतात, तसे चार थेंब तिने डाव्या चाकाच्या आत शिंपडले. थेंब चकतीवरून गुपचूप ओघळले. मग उजवीकडे.

चर्र झालं. वाफ आली, मागोमाग करपलेला वास. मांजर उठून पळाली.

"डावा ब्रेक लागतच नाहीये," तो हळूच म्हणाला. "सगळं एकटं उजवंच ओढतंय. आणखी तापलं असतं, तर खालच्या वळणावर पेडल दाबूनही..."

मुलीने डिकीतून बॅग बाहेर काढली.

"सकाळपासून माणसं भरून असाच उतरतोय मी," तो म्हणाला.

कंडक्टरणीने अंगणातला दगड चाकाखाली सरकवला. मग दुसरा. गाडी जागची हलत नव्हती, तरी त्याने पेडलवरचा पाय काढला नाही.