मापाऱ्याच्या निरोपाची पंगत

न सांगितलेलं काम अंगावर घ्यायचं आणि वाजतगाजत पार पाडायचं, ही माझी जन्माची खोड. बायको म्हणायची, "दुसऱ्याच्या मांडवात तुमचाच नाच मोठा!" तिच्यावर खेकसायचो मी. पण खरं तेच बोलायची ती.

साता समुद्रापलीकडे कुठं लढाई जुंपली आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हाची गोष्ट. अमरावतीच्या बाजारात गाड्यांची रीघ हटत नव्हती. मी अडत्या, आणि माझा लहानपणापासूनचा दोस्त मापारी. पहिल्या वजनाला मापारी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. त्याचा 'लाभ' साऱ्या बाजारात घुमायचा. त्याची बायको गेली, लेकरू नाही. सकाळी काट्यापाशी उभा राहिला की तो माणसांत यायचा.

एकदा चांदूर बाजाराहून परत येताना गाडीत हात चोळत म्हणाला, "थकलो रे गड्या. हात थरथरून राहिला. वाटते, आता बसावं."

एवढंच. मग बैलांच्या गोष्टी निघाल्या आणि त्याला डुलकी लागली. पण माझ्या डोक्यात किडा शिरला ना! असा माणूस गुपचूप घरी बसेल? छे! बाजारानं कधी पाहिला नसेल असा निरोप द्यायचा. त्याला विचारलं नाही, कारण मला त्याला चकित करायचं होतं. व्यापाऱ्यांना सांगितलं, तर सगळे एका शब्दात हो म्हणाले. इतक्या पटकन का म्हणाले, हे तेव्हा टाळक्यात शिरलं नाही. थरथरत्या हाताचा माणूस काट्यावर नको, हे त्यांच्या पोटात असणारच. ते ओठांवर आणायला मी मूर्ख आयता भेटलो.

मग काय विचारता बाप्पा! बाळापूरहून जरीचं पागोटं आलं, अकोल्याहून आचारी. गावाबाहेर चिंचेखाली गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर रोडगे भाजले, वांग्याची भाजी झणझणीत, वरणावर तुपाची धार. त्याला मी "जेवाले चाल" एवढंच सांगून नेलं.

आमच्या बाजाराची रीत अशी, की मापाऱ्यानं भरल्या पंगतीत पागोटं घेतलं आणि काटा दुसऱ्याच्या हाती दिला, की पुन्हा त्यानं काट्याला हात लावायचा नाही. ही रीत मला ठाऊक नव्हती असं नाही. चांगली ठाऊक होती. मीच काटा धुऊन, हळदकुंकू लावून पंगतीपुढं मांडला होता.

काटा पाहिला आणि तो थबकला. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी हसलो. बाजारातल्या थोरल्या व्यापाऱ्यानं त्याच्या डोक्याला पागोटं बांधलं. चारचौघांत तो काय बोलणार? त्यानं काटा उचलून व्यापाऱ्यांनी आधीच ठरवलेल्या नव्या मापाऱ्याच्या हाती दिला आणि सगळ्यांना हात जोडले. लोक म्हणाले, "असा निरोप वऱ्हाडात कोणाचा झाला नाही!" मी फुगलो. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा बाजारात आला. पहिली गाडी काट्यापाशी लागली, तसा सवयीनं पुढं झाला. नवा मापारी आदबीनं आडवा आला. "बसा ना बाबा, तुमी आता मानाचे." त्याला गादीवर बसवलं, विडा दिला. तो थोडा वेळ विडा हातात धरून बसला आणि तो तसाच गादीवर ठेवून निघून गेला.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, तरी तोंड गप्प बसेना. म्हटलं, "अबे, तूच तं म्हणला होता, थकलो, बसावं म्हणून!"

तो चिडला नाही. चिडला असता, दोन शिव्या हासडल्या असत्या, तर मी सुटलो असतो.

"म्हणलो होतो," तो म्हणाला. "पण तुले म्हणलो होतो. बाजाराले नाही."