ढिलाईचे दोन इंच

चाळीस वर्षे परक्यांची अंगे मोजूनही ज्यांनी कुणाच्या अंगाविषयी चकार शब्द काढला नाही, अशा एका बाईंची ही हकिगत. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या या बाईंना सारी गल्ली शिवणमावशी म्हणे. वहीत त्या आकडा लिहीत तो देहाचा नव्हे, कापडाचा. कमरेला दोन इंच ढिलाई धरूनच. ‘वाढत्या पोरी, कापडानं श्वास घेऊ द्यावा,’ एवढेच त्यांचे शिवणशास्त्र.

त्यांची पंधरा वर्षांची भाची आईच्या पश्चात त्यांच्यापाशीच वाढली. तिने एकदा वहीतील आपल्या मापाचा फोटो काढून मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपचा विषय आरोग्य. तिथे वैद्य सगळ्याच आणि रुग्णही सगळ्याच.

‘एवढी कंबर? अगं, माझ्या आईची आहे ही,’ एकीने लिहिले. दुसरीने समजूत घातली, ‘रडू नकोस. डबा खायचा सोड. मी पण सोडलाय.’ तिचा कळवळा निर्व्याज होता, आणि म्हणूनच तो भयावह होता.

तीन महिन्यांनी मुलगी शाळेच्या पटांगणात कोसळली. रक्त तपासून डॉक्टरांनी मावशींना विचारले, ‘ही जेवते तरी का?’ घरी आल्यावर मावशींनी चष्मा लावून मुलीच्या मोबाइलवरचा तो सारा संवाद अथपासून इतिपर्यंत वाचला. फोटोतल्या आपल्याच अक्षरातल्या पानावर त्यांनी बोट ठेवले.

‘अगं वेडाबाई, हा आकडा तुझा नव्हेच. यात दोन इंच माझे आहेत, ढिलाईचे. तू तेव्हाही बारीकच होतीस.’

गाठ सुटली, असे मावशींना वाटले. मुलीचा चेहरा खरोखरच उजळला.

‘म्हणजे आता मी अजूनच बारीक? मावशी, टेप आण ना. ढिलाई न धरता घे. लगेच टाकते.’

भिंतीला पाठ टेकून ती हात पसरून उभी राहिली. माप घ्यायला मावशींनी आजन्म कुणाला नकार दिला नव्हता.

‘नाही घेणार.’

‘मग कोपऱ्यावरच्या टेलरकडे जाते.’

‘जा की. दारापर्यंत तरी पोचून दाखव.’

ती निघाली आणि उंबऱ्याशीच मटकन बसली. बोलाफुलाला गाठ पडावी, तसे झाले. मावशी तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. तोंडून निघालेला शब्द आता परत घेता येत नव्हता. दोघींच्या मध्ये मोबाइल उजळला: ‘नवं माप टाक ना. आम्ही सगळ्या थांबलोय.’