अक्काची मान

मान तपासताना माणसाच्या मागे उभं राहावं लागतं. दोन्ही हातांची बोटं पुढे गळ्यावर टेकवायची, घोटभर पाणी गिळायला सांगायचं आणि बोटांखालून काय सरकतं ते ओळखायचं. थायरॉइड वाढलेली आहे की नाही, ते असं कळतं. हे मला धुळ्याच्या मेडिकल कॉलेजात शिकवलं, पण बोटांना सवय लागली ती देवपूरच्या माझ्या भाड्याच्या खोलीत, माझ्या मोठ्या बहिणीच्या मानेवर.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. वॉर्डात गर्दीतून पुढे होऊन पेशंटला हात लावायचा मला फार संकोच वाटे. अक्का महिन्यातून एकदा यावलहून दोन एसट्या बदलून यायची, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा घेऊन. मग मी तिला स्टुलावर बसवायचे.

"गिळ."

"आता किती पानी पाजशीन व? मानूस तपासू र्‍हायली का मडकं?"

"अजून एकदा, अक्का."

"सापडलं का काही?"

"नाही. सगळं नॉर्मल आहे."

"मंग झाली तू पास," म्हणून ती उठायची आणि माझी खोली झाडायला घ्यायची.

तिला बसवतच नसे. केळीच्या बागेत ती दोन बायांचं काम एकटी उरकायची. बोलणं भरभर, चालणं भरभर. भाकरी माझ्या दुप्पट खायची आणि अंग मात्र चिमणीचं. तिला थंडी माहीतच नव्हती. ऐन जानेवारीत ती खिडकी उघडी टाकून झोपायची. आई म्हणायची, हिच्या पोटात भट्टी आहे. तिने आपली गोधडीही मला देऊन टाकली. "मले काय करायची?" ती गोधडी मी पुढे प्रत्येक खोलीत नेली.

शिक्षण झाल्यावर मी दवाखान्यात न बसता संशोधनाकडे वळले. थायरॉइडच्या आजाराचा हृदयावर काय परिणाम होतो, हा माझा विषय. गावोगाव जायचं, बायांच्या माना तपासायच्या, नाडी मोजायची, रक्ताचे नमुने घ्यायचे. एखाद्या मानेबद्दल शंका आली, की मी मनातल्या मनात अक्काची मान आठवायचे. तेवढीच असेल तर नॉर्मल. कुणाला हे सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असंही वाटलं नव्हतं.

पुढची मोठी पाहणी सुरू होण्याआधी जळगावजवळच्या नशिराबादला आमच्या हातांची परीक्षा झाली. त्याच बाया माझ्या मार्गदर्शक मॅडमनी तपासायच्या, त्याच मी, आणि दोघींनी एकमेकींचं न बघता लिहायचं. हाताला काही लागत नसेल तर शून्य, लागत असेल पण दिसत नसेल तर एक, दिसत असेल तर दोन. दुपारी शाळेच्या वर्गात बसून मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. त्यांनी जिथे एक लिहिला होता, तिथे माझा बहुतेक वेळा शून्य होता.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "तू कुणाच्या मानेवर शिकलीस गं?"

"बहिणीच्या," मी म्हटलं आणि कागदावरचे माझे शून्य पुन्हा पाहिले. मॅडम म्हणाल्या, "आजच जा घरी."

जळगावहून मिळाली ती एसटी धरली. वाटेत दोन्ही बाजूंना केळीच्या बागा होत्या, पण मी माझ्या बोटांकडेच बघत होते. घरी अक्का नेहमीसारखी घाईत होती. मी तिला अंगणात बसवलं, पण आधी मनगट धरलं. ठोके एकसारखे नव्हते. दोन घाईने, मग एक उशिरा, मग पुन्हा तीन भरभर. छातीत धडधडतं का विचारलं तर म्हणाली, "ते तं कधीचंच व. कामाच्या बाईले धडधडतंच." मग मी समोरून तिची मान पाहिली. इतक्या वर्षांत मागे उभी राहूनच पाहत आले होते. तिने पाणी गिळलं तेव्हा गळ्याखालचा उंचवटा वर सरकला. तो अगदी स्पष्ट दिसत होता.

"काय व, पास नई झाली का?" ती हसत म्हणाली.

थायरॉइड जास्त काम करत होती आणि त्याचा भार हृदयावर आला होता. किती वर्षांपासून, ते आता कुणीच सांगू शकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. औषधं झाली, मग जळगावला ऑपरेशन. नाडी ताळ्यावर आली. मीही नव्याने माना तपासायला शिकले. आता माझे आणि मॅडमचे आकडे जुळतात.

अक्का बरी आहे. अंगाने भरली आहे. सकाळी उपाशीपोटी गोळी घेते आणि ओट्यावर निवांत बसते. बोलता बोलता थांबते, विचार करून बोलते. मागच्या हिवाळ्यात तिचा फोन आला, "माझी गोधडी आन व. मले थंडी वाजू लागली." मी नेऊन दिली.

मला आनंदच व्हायला हवा, आणि तो आहेही. पण केळीच्या बागेतून पुढे पळणारी, हातातला झाडू न ठेवता बोलणारी अक्का मला रोज आठवते. ती किती अक्का होती आणि किती आजार होता, हे माझ्या विषयात मोजता येत नाही. मोजता आलं असतं, तरी मला ते कळून घ्यायचं आहे का, कोण जाणे.

गोधडी द्यायला गेले तेव्हा ती ओट्यावर बसली होती. मी मागे उभी राहिले आणि तिच्या गळ्यावर बोटं ठेवली. टाक्यांची बारीक रेघ लागली.

"गिळ," मी म्हटलं.

"आता काय शोधती व? काढून टाकलं न् ते."

तरी तिने गिळलं. बोटांखालून काहीच सरकलं नाही. मी हात काढला नाही, आणि तीही उठली नाही.